फॉर्मवर लिहिलं होतं, हार्मोन नाही

“मॅडम, हो की नाही, एवढंच सांगा. पेशंटचा पुतण्या माझ्यासमोर बसलाय.”

फोनवर डॉ. पाटील होते, स्त्रीरोगतज्ज्ञ. जळगावात डॉ. पाटील किती आहेत ते मोजायला जाऊ नका. म्हणूनच तेवढं नाव सांगते आहे. माझे डोळे मायक्रोस्कोपला चिकटलेले, मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात.

“दहा मिनिटं द्या,” मी म्हटलं.

“कालही दहा मिनिटंच म्हणाला होतात.”

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायचं दुकान, असं लोकांना वाटतं. तेही आम्ही करतो. पण माझं खरं काम वेगळं. शरीरातून काढलेला तुकडा माझ्याकडे येतो. आमची माणसं तो मेणात बसवतात, केसापेक्षा पातळ कापतात, रंगवतात आणि काचेवर चढवतात. ती काच म्हणजे स्लाइड. ती बघून आजार कोणता ते मी लिहून देते. सर्जन सुरी उचलतो किंवा खाली ठेवतो, ते माझ्या सहीवर. पेशंट मला दिसत नाही आणि मी पेशंटला दिसत नाही. हा व्यवहार मला तीस वर्षं मनापासून आवडत आला आहे. माणसांपेक्षा तुझं पेशींशी बरं जमतं, असं घरचे म्हणतात. मी कधी नाकारलं नाही.

त्या दिवशीची स्लाइड सुमनबाईंची होती. पाचोऱ्याजवळचं गाव, वय एकोणपन्नास. पाच महिने वेळी-अवेळी, भरपूर रक्तस्राव. मधुमेह, वजन जास्त. डॉ. पाटलांनी भूल देऊन गर्भाशयाचं आतलं अस्तर खरवडून काढलं होतं. त्याला क्युरेटिंग म्हणतात. बरोबरच्या फॉर्मवर ही सगळी माहिती होती आणि शेवटच्या ओळीत दोनच शब्द. ‘हार्मोन : नाही.’

ही ओळ का असते ते सांगते. पुढचं सगळं तिच्यावरच घडलं.

गर्भाशयाच्या अस्तराचा कारभार दोन हार्मोन बघतात. इस्ट्रोजेन सांगतं, वाढा. अस्तर जाड होतं, त्यातल्या नळ्यांसारख्या ग्रंथी वाढतात. मग महिन्याच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन येतं आणि सांगतं, पुरे. मूल राहिलं नाही की दोन्ही ओसरतात आणि अस्तर गळून जातं. तीच पाळी. पाळी जायच्या वयात ही जोडी बिघडते. ‘पुरे’ म्हणणारं प्रोजेस्टेरॉन वेळेवर येत नाही, इस्ट्रोजेन मात्र चालूच राहतं. अंगावरची चरबीसुद्धा ते बनवते. त्याच्या हुकमावरून पेशी एकमेकींना वाढीचे निरोप धाडतात. त्या निरोप्या पदार्थांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. वजन जास्त असलं की मधुमेहात बरेचदा रक्तात इन्सुलिन जादा फिरतं, तेही पेशींना असाच निरोप देतं. महिनोन्महिने चहूकडून एकच हाकाटी, वाढा, वाढा. त्यात काही पेशींची मूळ घडणच बदलते आणि त्या कुणाच्या हुकमाची वाट बघेनाशा होतात. तिथून कॅन्सरची वाट सुरू होते.

आता स्लाइड. ग्रंथी फार दाटीने होत्या, वेड्यावाकड्या, काही ठिकाणी एकीला एक खेटून. हे इस्ट्रोजेनचं काम, आणि काळजीचं. पण त्याच ग्रंथींतल्या पेशी अगदी शहाण्यासारख्या बसलेल्या. पेशींची केंद्रं लहान, शांत. ग्रंथींमधला भाग सुजून फुगलेला, गरोदर बाईत दिसतो तसा. ही सही प्रोजेस्टेरॉनची. आणि तीसुद्धा अशी ठळक, की शरीराच्या आपल्या प्रोजेस्टेरॉनने व्हावी असं वाटेना.

मग हे आलं कुठून?

“डॉक्टर, ही बाई काही हार्मोनच्या गोळ्या घेते का?”

“नाही. मी स्वतः विचारलंय. फॉर्मवर लिहिलंय.”

“पुन्हा विचारा.”

पलीकडे बोलणं ऐकू आलं. मग डॉ. पाटील परत फोनवर आले. “नाही म्हणतात. फक्त साखरेची गोळी. मॅडम, पेशींत कॅन्सर दिसतोय का?”

“आत्ता या घडीला, नाही. पण…”

“मग तसं लिहा ना. बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला जायचंय. अडवून ठेवलंय मी त्यांना.”

मी लिहिलं. ‘अस्तरावर प्रोजेस्टेरॉनसदृश हार्मोनचा परिणाम दिसतो. ग्रंथींची दाटी. पाहिलेल्या तुकड्यांत कॅन्सर आढळला नाही. क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे.’

शेवटचं वाक्य म्हणजे पॅथॉलॉजिस्टची छत्री. पाऊस पडलाच तर भिजायचं दुसऱ्याने. रिपोर्टमधल्या चार वाक्यांपैकी नातेवाईक एकच वाचतात, ‘कॅन्सर आढळला नाही’, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी सही केली. मला शंका होती आणि मी सही केली. हे मी मुद्दाम दोनदा सांगते आहे, कारण पुढे मी बरीच धावपळ केली आणि ती ऐकून लोक माझं कौतुक करतात. त्या कौतुकावर माझा हक्क नाही.

तीनेक आठवडे गेले. एका सकाळी रेखा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रेखा माझी टेक्निशियन, अमळनेरची, हाताने अशी सफाईदार की तिने कापलेला तुकडा कधी चुरगळत नाही. बोलायला मात्र फटकळ. त्या दिवशी चक्क घुटमळत होती.

“मॅडम, एक विचारू? सासरी गौरी बसतात. माझी तारीख नेमकी त्याच दिवसांत येते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कानबाईला घेतल्या होत्या, आता परत घेतल्या तर चालतील?”

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. भाऊबंदकी गोळा होते. सव्वाच्या मापाने गहू घेऊन नैवेद्याचे रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच, पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. सगळं सोवळ्याचं. घरच्या सुनेला तेव्हा ‘अडचण’ येऊन चालत नाही. म्हणून आधीच मेडिकलमधून पट्टी येते. चिठ्ठी लागत नाही, की नावही घ्यावं लागत नाही. बाई काउंटरवर नुसतं ‘कानबाई आहे’ म्हणते आणि पलीकडून पट्टी सरकते.

“घेऊ नकोस,” मी मान वर न करता म्हटलं. “सारखं सारखं बरं नाही ते. आधी तुझ्या डॉक्टरांना…”

आणि मी थांबले.

त्या गोळीत काय असतं? प्रोजेस्टेरॉनचाच कारखान्यात बनवलेला भाऊ.

“रेखा, कानबाई कधी होती गं यंदा?”

तिने सांगितलं. मी सुमनबाईंचा फॉर्म काढायला लावला. क्युरेटिंगची तारीख कानबाईच्या विसर्जनानंतर तीन दिवसांची. पौर्णिमेच्या आतली. म्हणजे घरात रोट असताना.

“रेखा, तुला एखाद्या डॉक्टरने विचारलं, हार्मोन घेतेस का, तर काय सांगशील?”

“नाही म्हणेन,” ती म्हणाली. “मी कुठे हार्मोन घेते?”

तीस वर्षांची लॅब टेक्निशियन. हार्मोनच्या टेस्ट रोज स्वतःच्या हाताने लावणारी.

आणि खोटं कशाला बोलू, माझीही गोष्ट तीच. लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला सासूबाईंनी माझ्या हातात असलीच पट्टी ठेवली होती. एमबीबीएस झालेली मी, ती निमूट गिळली होती. त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं, तर मीही ‘नाही’च म्हटलं असतं.

ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, आम्ही जपून ठेवतो. रेखाने त्याचे आणखी खोलवर छेद घेतले. मी दुपारभर बघत बसले. एका कोपऱ्यात ग्रंथी इतक्या खेटून होत्या की मधली भिंतच दिसेना. पेशी अजूनही शांत. पण आता त्या शांततेवर माझा विश्वास नव्हता. गोळीने ‘पुरे’ म्हणून त्यांना बसवून ठेवलं असेल, तर गोळी थांबल्यावर त्या काय करतील ते ही काच सांगू शकत नव्हती. खाली कॅन्सर असू शकत होता. नसूही शकत होता.

एक गोष्ट आणखी वाईट होती. या कॅन्सरची मोठी मेहेरबानी अशी, की तो बहुतेक वेळा लवकर बोंब ठोकतो. रक्तस्राव होतो, बाई घाबरते, डॉक्टरकडे येते. सुमनबाई गोळ्या घेतच राहिल्या असतील तर ती बोंबही बंद झालेली असणार. त्या म्हणतील, बरी झाले.

मी डॉ. पाटलांना फोन केला.

“रिपोर्ट बदलायचा?” ते एकदम चढले. “मॅडम, मी त्यांना तोंडभरून सांगितलंय, कॅन्सर नाही.”

“मीही सही करून बसलेय.”

“म्हणजे आधीचा रिपोर्ट चुकला?”

“अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता. हार्मोनचा परिणाम असताना अशा तुकड्याची…”

“माझ्याशी पॅथॉलॉजी बोलू नका. चुकला का?”

जड गेलं. पण म्हटलं, “चुकला. मी थांबायला हवं होतं.”

त्यांचा आवाज उतरला. “घाई मी केली. करायचं काय आता?”

गोळ्या चालू असतील तर बंद. महिनाभराने पुन्हा क्युरेटिंग. तोवर सोनोग्राफी. एवढं ठरलं, आणि मी सुधारित रिपोर्ट काढला. पण तो वाचायचा कुणी? फॉर्मवरचा नंबर पुतण्याचा. तो म्हणाला, काकू धुळ्याला आहे, मुलीला मुलगा झाला, तब्येत एकदम ठणठणीत, दिवाळीनंतर बघू. डॉ. पाटलांनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही. आधी ‘नाही’ सांगून मग ‘कदाचित’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता.

“त्यांचं ओपीडीत येणं होणार नाही,” डॉ. पाटील म्हणाले. “आणि मला उद्या चार ऑपरेशनं आहेत.”

“मी जाते,” मी म्हटलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं. तीस वर्षांत मी एकाही पेशंटच्या घरी गेले नव्हते.

रविवार होता. रेखाला सोबत घेतलं. एरंडोल, पारोळा, मग पुढचा हायवे. गाडी मी चालवत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. कॅन्सर हा शब्द वापरायचा की नाही? वापरला तर बाई हाय खाईल, नाही वापरला तर उठून चहा करायला जाईल. रेखा म्हणाली, “मॅडम, तुम्ही फॉर्म भरल्यासारखं बोलू नका म्हणजे झालं.”

“मी कधी बोलते तसं?”

“रोज.”

मुलगी धुळ्यातच, देवपूरला राहत होती. जावई भला माणूस. आम्ही कोण हे कळल्यावर आधी घाबरला, मग पाणी आणायला धावला. आतल्या खोलीत बाळंतीण आणि तीन दिवसांचं बाळ. सुमनबाई शेगडीत ओवा टाकत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत होते, मीही तेच म्हणू लागले. ठेंगणी, गोल, हसरी बाई. जिच्या पेशी मी तासन्‌तास बघितल्या होत्या तिचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. मला एकाएकी फार लाज वाटली.

“आते माले काय बी तरास नही, ताई,” अक्का म्हणाल्या. “रगत बी थांबी गयं. तुमना डाक्टरना हातले गुन शे.”

“अक्का, तुम्ही कुठल्या हार्मोनच्या गोळ्या घेता का? आधी घेतल्या होत्या का?”

“नही वं ताई. फक्त साखरनी गोयी लेस मी.”

झालं. तिसऱ्यांदा तेच उत्तर. क्षणभर मला वाटलं, माझाच तर्क फसला. नव्वद किलोमीटर येऊन हात दाखवून अवलक्षण केलं. मग वाटलं, तसं असेल तर देव पावला. मी रेखाकडे बघितलं. ती एव्हाना बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, माहेरी आल्यासारखी.

“अक्का,” तिने बाळाकडेच बघत सहज विचारलं, “कानबाईले अडचन नको म्हनीसन काय लिधं व्हतं?”

“गोया. बठ्ठ्या बाया लेतस. घरमा रोट व्हतात ना.” गोळ्या, सगळ्याच बाया घेतात.

“आनि आते?”

“आते बी चालू शेतस. नातूनी पाचवी शे ना मंगळवारले.”

अक्का उठल्या. कोनाड्यातल्या देवाशी ठेवलेला हळदीकुंकवाचा डबा त्यांनी उघडला आणि त्यातून अर्धी संपलेली पट्टी काढून रेखाच्या हातात दिली. पट्टीला कुंकू लागलेलं होतं.

मी ती हातात घेऊन नाव वाचलं. तेच होतं. कानबाईच्या आधी चालू केलेल्या गोळ्या, मधे एकही दिवस न सोडता, नातवापर्यंत. महिन्याहून जास्त.

“अक्का,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढलाच, “आत्ता मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात! डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही!”

“तुम्ही हार्मोन इचारं,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “हार्मोन काय राहस माले काय ठाऊक? आनि ह्या काय औषध शेतस का? ह्या ते देवीन्या गोया. हाई कोन्ही इचारंच नही माले.”

चिडायला जागा नव्हती.

मग मी सांगितलं. फॉर्म भरल्यासारखं नाही. निदान प्रयत्न केला. म्हटलं, अक्का, तुमच्या पिशवीचं अस्तर नको तेवढं वाढलंय. ही गोळी त्याला दाबून ठेवते. दाबलेलं असताना आम्ही तुकडा घेतला, म्हणून तो साधा दिसला. तो साधा आहे की आत वाईट काही आहे ते आम्हाला माहीत नाही. कॅन्सर असू शकतो. असला तर आत्ता काढता येईल, गोळीखाली झाकून ठेवला तर वाढत जाईल.

बाळंतिणीने तोंडाला पदर लावला. अक्का मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. कपाशीत आयुष्य गेलेली बाई. म्हणाल्या, “म्हंजे फवाराघाई तन पिवयं पडनं. पन मुई जित्ती शे.”

फवाऱ्याने तण पिवळं पडलं, पण मुळी जिवंत आहे. मी हे विद्यार्थ्यांना समजवायला पाऊण तास आणि तीस स्लाइडी घेते.

“असेल,” मी म्हटलं. “बघावं लागेल. त्यासाठी गोळ्या आजच बंद करायच्या.”

आता खरी अडचण आली. अक्कांनी पट्टी माझ्या हातातून परत घेतली.

“आज नही. बंद करी का रगत जाई. मंगळवारे पाचवी. पह्यला नातू शे, पूजा कोन करी?”

“आई!” मुलगी ओरडली. “पाचवी गेली खड्ड्यात!”

“तू गप ऱ्हाय. बाळंतीन असं बोलस का?”

जावई माझ्याकडे बघू लागला. रेखाही. मला क्षणभर सगळ्याचा संताप आला. त्या गोळ्यांचा, त्या पूजेचा, ज्या रक्ताने हे पोर जन्माला आलं त्याच रक्ताचा विटाळ मानणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. जिभेवर भाषण आलं होतं. ते गिळलं, कारण समोरची बाई भाषणाने उठून गेली असती आणि परत आली नसती. शिवाय डॉक्टर म्हणून मला माहीत होतं, दोन दिवसांनी कॅन्सरचं काही बिघडत नाही.

“बरं,” मी म्हटलं. “मंगळवारी पाचवी करा. संध्याकाळी शेवटची गोळीही घ्यायची नाही. पट्टी जावईबापूंकडे द्यायची. आणि महिन्याने जळगावला यायचं. तोवर घट बसतील, नवरात्र येईल, काहीही येईल. गोळी नाही.”

नवरात्र म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्या घरच्या मोठ्या सून. घट त्यांच्या हाताने बसत होता, लग्न झाल्यापासून.

“घट जाऊले सांगनं पडी,” त्या हळूच म्हणाल्या. मग नातवाकडे बघितलं. “सांगसू.”

परतीच्या वाटेवर मी रेखाला म्हटलं, “थांबवेल का गं ती?”

“शब्द दिलाय त्यांनी,” रेखा म्हणाली. एवढ्यावर पारोळा आलं.

बुधवारी जावयाचा फोन आला, पट्टी माझ्याकडे आहे. शनिवारी पुन्हा आला, रक्तस्राव सुरू झालाय, खूप आहे, आई घाबरलीय. हे अपेक्षित होतं. गोळीचा आधार गेला की अस्तर गळतं. पण अपेक्षित म्हणणं सोपं. दोन दिवस त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पुतण्याने डॉ. पाटलांना ऐकवलं, चांगली होती, तुमच्या मॅडमनी आजारी पाडली. माझा तर्क चुकीचा ठरला तर एका धडधाकट बाईला मी विनाकारण दवाखान्यात घातलेली असणार. आणि बरोबर ठरला तर तिला कॅन्सर असणार. यातलं काय मागावं तेच कळेना.

नवरात्रात घट जावेने बसवला. महिन्याने अक्का जळगावला आल्या. डॉ. पाटलांनी या वेळी दुर्बीण आत घालून, बघून तुकडे घेतले. फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘गोळ्या बंद, एक महिना, खात्री केली.’ खाली रेघ मारली.

चौथ्या दिवशी स्लाइड माझ्यासमोर आली. पहिल्या नजरेतच दिसलं. ‘पुरे’ म्हणणारं कुणी नव्हतं आणि पेशींनी सोंग टाकून दिलं होतं. केंद्रं मोठी, एकावर एक चढलेली, ग्रंथींत भिंती उरल्या नव्हत्या. कॅन्सर होता. पहिल्या ग्रेडचा, म्हणजे अजून मूळ ग्रंथींसारखाच दिसणारा, कमी आक्रमक. मी ब्लॉक माझ्या सरांकडे नाशिकला पाठवला. एकदा घाई करून पोळले होते. त्यांचंही मत तेच आलं.

ही गोळी वाईट आहे असा अर्थ काढू नका. पाळी पुढे ढकलायच्या गोळीने अक्कांना कॅन्सर झाला नाही. उलट याच जातीचं औषध काही तरुण बायकांना, मूल हवं असेल तर, अगदी सुरुवातीच्या आजारात उपचार म्हणूनही देतात; पण डॉक्टरच्या नजरेखाली, दर काही महिन्यांनी तुकडा तपासत. अक्कांच्या बाबतीत औषध चालू होतं आणि बघणाऱ्याला पत्ता नव्हता.

गर्भाशय काढलं. ते माझ्याकडेच आलं. मी प्रत्येक छेद स्वतः बघितला, रेखाला हातही लावू दिला नाही, त्यावरून तिने तोंड वाकडं केलं. आजार अस्तरापुरताच होता, खाली स्नायूत उतरला नव्हता. रिपोर्टवर या वेळी छत्रीचं वाक्य नव्हतं. डॉ. पाटलांनी फोनवर विचारलं, “हो की नाही?” मी म्हटलं, “बाहेर गेलेला नाही.” ते म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही एका मिनिटात सांगितलंत.”

पुढच्या श्रावणात अक्कांचा फोन आला. मागे ढोल वाजत होता, ऐकू येईना, त्या ओरडून बोलत होत्या. “ताई, औंदा गोया नही लागन्यात! बठ्ठा रोट मन्हा हातना शेतस!” रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी पुतण्या डबाभर पुरणपोळ्या घेऊन आला. मान खाली घालून डबा ठेवला आणि मला नमस्कार करायला वाकला. मी त्याला रेखाकडे पाठवलं. प्रश्न तिने विचारला होता.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर आता ‘हार्मोन’च्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे. रेखाने लिहिलेली, मी फक्त छापून घेतली. ‘कानबाई, गौरी, लग्न, यात्रा, कशासाठीही पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या का? शेवटची कधी?’ छापून आल्यावर पहिल्याच आठवड्यात भुसावळहून एक फॉर्म आला. वरच्या ओळीत डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, नाही. खालच्या ओळीत नर्सच्या अक्षरात लिहिलं होतं, हो, सतरा दिवस, आज सकाळीही घेतली.

हल्ली मी फॉर्म खालून वर वाचते.